थायरॉइडच्या गाठींचे आरएनए सिक्वेन्सिंग: एका सेवेचा अनुभव

पॅपिलरी थायरॉइड कर्करोग या थायरॉइड कर्करोगाच्या प्रकारातील लाँग नॉनकोडिंग आरएनए (प्रथिन न बनवणारे लांब आरएनए रेणू) तपासण्यासाठी आम्ही गाठींचे १२ नमुने आणि त्याच रुग्णांच्या निरोगी थायरॉइड ऊतीचे १२ नमुने एका खासगी सिक्वेन्सिंग (आरएनएचा क्रम वाचणाऱ्या) प्रयोगशाळेकडे सोपवले होते. कोरड्या बर्फातली पेटी वेळेवर पोहोचली आणि आरएनएचा दर्जा घसरलेल्या दोन नमुन्यांबाबत पुढे जाण्याआधी आमची संमती घेण्यात आली. इथपर्यंत तक्रारीला जागा नव्हती.

पहिल्या अहवालाने मात्र घोर निराशा केली. आम्हाला न विचारता पॉली-ए शेपटी (टोकाला जोडलेली अॅडेनिनची साखळी) असलेले रेणू तेवढे वेचणारी नेहमीची पद्धत वापरली गेली होती. प्रथिने बनवणाऱ्या जनुकांसाठी ती चालते. पण २०० हून अधिक न्यूक्लिओटाइड (आरएनएचे एकेक घटक) लांबीच्या, प्रथिन न बनवणाऱ्या या आरएनएंपैकी कित्येकांना ती शेपटीच नसते आणि ते पहिल्याच पायरीवर गळून पडतात. शिवाय रेणू डीएनएच्या कोणत्या धाग्यावरून उतरला, हेही अहवालातून कळत नव्हते. थायरॉइडच्या बाबतीत ही उणीव क्षुल्लक म्हणता येणार नाही, कारण ९व्या गुणसूत्रावर पीटीसीएससी२ हा आरएनए आणि फॉक्सई१ हे जनुक एकाच दुतर्फा प्रवर्तकावरून (जिथून जनुकाचे वाचन सुरू होते तो डीएनएचा भाग) विरुद्ध दिशांना वाचले जातात, आणि धागा ठाऊक नसेल तर तिथला रीड (यंत्राने वाचलेला तुकडा) कोणाच्या खात्यावर टाकायचा हे ठरवणे जोखमीचे होते.

आम्ही हे लेखी कळवल्यावर प्रयोगशाळेने चूक मान्य केली आणि रायबोसोमल आरएनए (पेशीत सर्वाधिक असलेला, इथे नको असलेला आरएनए) काढून, धाग्याची दिशा राखून सर्व नमुने जादा शुल्क न घेता पुन्हा केले. हा दुसरा अहवाल खरोखर चांगला आहे. निरोगी ऊतीत ठळक दिसणारा पीटीसीएससी३ हा लाँग नॉनकोडिंग आरएनए गाठींमध्ये ओसरलेला स्पष्ट दिसतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाशी हे जुळते, त्यामुळे बाकीच्या आकड्यांवरही भरवसा ठेवावासा वाटतो.

एक उणीव उरलीच. थायरॉइडच्या पेशी थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाचा आरएनए इतका मुबलक बनवतात की रीड्सचा मोठा वाटा तोच खातो आणि विरळ आरएनएंच्या वाट्याला मोजकेच रीड्स येतात. हे आम्हाला आधी सांगितले असते, तर आम्ही सुरुवातीलाच अधिक खोलीचे (म्हणजे जास्त रीड्सचे) सिक्वेन्सिंग मागितले असते. पुढची खेप याच प्रयोगशाळेकडे, दुप्पट रीड्सच्या मागणीसह आणि पद्धतीचे नाव मागणीपत्रावर लिहून, पाठवली आहे.