सिंहगडाचा पायथा: आतकरवाडीची पार्किंग, बस आणि गडापर्यंत पोचण्याची सोय

सिंहगडाची ओळख पुणेकरांना करून द्यावी लागत नाही. शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ३० किलोमीटरवर असलेला आणि समुद्रसपाटीपासून १३०० मीटरहून थोडा अधिक उंच असलेला हा गड अनेकांच्या आठवड्याच्या व्यायामाचा भाग आहे, आणि पायथ्याच्या आतकरवाडी गावातून वर चढणारी पायवाट त्यांच्या पायांना पाठ झालेली आहे. मात्र ती पायवाट सुरू होण्याआधी गाडी कुठे उभी करायची, बसने आल्यास परत कसे जायचे आणि आपल्या येण्यामुळे गावाचा रस्ता अडतो आहे का, याविषयी कोणी सविस्तर लिहिलेले सहसा आढळत नाही. गड सर्वांसाठी किती खुला आहे हे माझ्या मते याच ठिकाणी ठरते, म्हणून हे परीक्षण केवळ पायथ्याचे आहे. गडावरचे पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही यांचा येथे विचार केलेला नाही.

सुट्टीच्या दिवशी खरी अडचण पायथ्याच्या बऱ्याच अलीकडे, खडकवासला धरणाच्या चौपाटीवर सुरू होते. गडावर जाणारे, पानशेतकडे निघालेले आणि केवळ पाण्याकाठी कणीस खायला थांबलेले असे तिघेही एकाच रस्त्यावर असतात, आणि कडेला लावलेल्या गाड्यांमुळे आधीच अरुंद असलेला रस्ता आणखी अरुंद होतो. पहाटे निघणाऱ्याला हे जाणवत नाही. दुपारी परतणाऱ्याला मात्र गड चढायला लागला तेवढा वेळ येथेच घालवावा लागू शकतो. डोणजे सोडल्यानंतर गोळेवाडीच्या नाक्यावर वाहनशुल्क भरून घाटरस्त्याने थेट वर जाता येते, तर पायी चढणारे आतकरवाडीकडे वळतात.

घाटरस्त्याविषयी थोडक्यात लिहितो. शुल्काची पावती मिळते, नाका ठरलेला आहे आणि गाडी पुणे दरवाजाच्या जवळपास पोचते. वृद्धांसाठी आणि गुडघेदुखी असलेल्यांसाठी ही सोय मोलाची आहे, त्यामुळे घाटरस्ता कायमचा बंद करावा या मताचा मी नाही. परंतु वरची जागा मर्यादित आहे. ती भरली की खालून येणाऱ्या गाड्या थांबवाव्या लागतात, मग रांग घाटातच उभी राहते आणि उतरणाऱ्यांनाही वाट मिळत नाही. पावसाळ्यात दरडी कोसळल्यामुळे हा रस्ता वेळोवेळी बंद ठेवावा लागतो, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी केलेली बरी.

आतकरवाडीत वाहनतळ म्हणून जे वापरले जाते, त्यातील बराच भाग गावकऱ्यांच्या शेतांचा, अंगणांचा आणि छोट्या उपाहारगृहांपुढील मोकळ्या जागांचा आहे. यामागे कारण आहे. गडाचे उतार वनखात्याच्या ताब्यात आहेत, आणि १९८० च्या वनसंरक्षण कायद्यामुळे वनजमीन अन्य कामासाठी वळवायची असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. त्यामुळे पायवाटेच्या तोंडाशी मोठा सरकारी वाहनतळ एकाएकी उभा राहणे शक्य नाही. जी सोय आज मिळते ती प्रामुख्याने गावाने आपल्या जमिनीवर दिलेली आहे, हे लक्षात ठेवूनच तिचे मूल्यमापन करावे असे मला वाटते.

त्या दृष्टीने पाहता सेवा चांगली आहे. पहाटे अंधारात आलेल्या गाडीला कोणीतरी बॅटरी दाखवून जागा देतो. दुचाकी ओळीने लावून घेतल्या जातात, हेल्मेट ठेवून घेतले जाते, आणि उतरून आल्यावर त्याच घरी चहा किंवा ताक मिळते. पैसे माफक असतात आणि हल्ली क्यूआर कोडही लावलेला दिसतो. या उत्पन्नाचा काही वाटा थेट त्या घरात राहतो, ही माझ्या दृष्टीने या व्यवस्थेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

उणिवाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. दराचा फलक सर्वत्र नाही, आणि रविवारी सांगितला जाणारा दर आणि मधल्या वाराचा दर यांत फरक असू शकतो. एका जागी मी पावती मागितली तेव्हा ती देण्याची पद्धत नसल्याचे सांगण्यात आले. गाडीची जबाबदारी कोणाची, या प्रश्नालाही उत्तर मिळाले नाही. पावसाळ्यात जमीन इतकी मऊ होते की दुचाकीच्या स्टँडखाली चपटा दगड ठेवल्याशिवाय ती उभी राहत नाही, आणि चिखलात रुतलेली चारचाकी ढकलून बाहेर काढावी लागते. थोडा मुरूम पसरून पाण्याला एका बाजूने वाट काढून दिली तरी यातील बराच त्रास कमी होईल. स्वच्छतागृहांची उणीव याहून गंभीर आहे. पहाटे शहरातून निघालेल्या स्त्रियांना पायथ्याशी स्वच्छ, दिवा आणि पाणी असलेले स्वच्छतागृह खात्रीने मिळाले पाहिजे. ते ज्या उपाहारगृहात आहे तेथे चहा घेण्याची सक्ती वाटता कामा नये.

सर्वांत जास्त चिंता मला रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाड्यांची वाटते. जवळच शेतात सशुल्क जागा शिल्लक असतानाही काही जण थोडेसे पैसे वाचवण्यासाठी गाडी रस्त्यावरच सोडून चार तास वर जातात. हा रस्ता आतकरवाडीच्या रहिवाशांचा रोजचा रस्ता आहे. दुधाची गाडी, ट्रॅक्टर, आजारी माणसाला नेणारी जीप, सगळे त्यावरूनच जाते. पायवाटेवर कोणी घसरून जखमी झाले किंवा चढताना छातीत दुखू लागले, तर रुग्णवाहिकाही येथूनच येणार आहे. दोन्ही बाजूंना गाड्या लावल्यावर मध्ये उरणाऱ्या जागेतून ती जाऊ शकेल का, हे प्रत्येकाने आपली गाडी लावताना स्वतः उभे राहून पाहावे. गावकऱ्यांनी यावरून आवाज चढवला की गिर्यारोहक मंडळी दुखावतात. मला मात्र दर रविवारी गावाने दाखवलेल्या संयमाचे नवल वाटते.

ज्याच्याकडे गाडी नाही त्याचा विचार आपल्याकडे फार कमी होतो. शहरातून सिंहगड पायथ्यापर्यंत पीएमपीएमएलची (पुणे महानगर परिवहन महामंडळाची) ५० क्रमांकाची बस आहे, आणि विद्यार्थ्यांसाठी व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी गडाचे दार या बसमुळेच उघडे आहे. बस थेट पायथ्याशी सोडते, तिकीट परवडते आणि पार्किंगचा प्रश्नच उरत नाही. पण ही बसही चौपाटीच्या त्याच कोंडीत अडकते, त्यामुळे परतीची वेळ बेभरवशाची होते, आणि उन्हातान्हात ताटकळलेली माणसे पुढच्या वेळी दुचाकी घेऊन येतात. अशा रीतीने बसची अनिश्चितता पार्किंगची गर्दी वाढवते, आणि वाढलेली गर्दी पुन्हा बसला अडवते. मे २०२२ मध्ये खासगी वाहने खाली थांबवून घाटरस्त्याने विजेवरच्या बस सोडण्याचा प्रयोग झाला होता. तो काही आठवड्यांतच थांबला. घाटातल्या बसचा प्रश्न अवघड असेल, हे मान्य. पायथ्यापर्यंतच्या बससाठी मात्र घाट चढावा लागत नाही. शनिवार-रविवारी पहाटेपासून दुपारपर्यंत जादा फेऱ्या, थांब्यावर ठळक वेळापत्रक आणि चौपाटीपाशी बसला आधी वाट मिळेल अशी वाहतूक पोलिसांची व्यवस्था, एवढे झाले तरी आतकरवाडीतील शेकडो दुचाकी कमी होतील असे मला मनापासून वाटते.

तुलनेसाठी जिल्ह्यातील आणखी दोन पायथे पाहू. राजगडासाठी गुंजवणे गावातून चोर दरवाजाची वाट लागते. येथेही गाड्या गावातच लावाव्या लागतात, माणसे अगत्याची आहेत आणि जेवणाची सोय आधी सांगितल्यास उत्तम होते. पण नसरापूर फाट्यापासून आत येणारी एसटी मोजकी असल्याने स्वतःच्या वाहनावाचून एका दिवसात जाऊन येणे कठीण पडते. लोहगडाचे तसे नाही. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरावे, द्रुतगती मार्गावरील पूल ओलांडून भाजे गावातून चालत निघावे, आणि गायमुख खिंडीतून लोहगडवाडी गाठावी. गाडीने येणारे पावसाळ्यातील रविवारी याच चढावर तासन् तास खोळंबतात, तेव्हा चालणारा त्यांच्या शेजारून निघून जातो. दुपारच्या वेळी लोकल कमी असतात एवढे ध्यानात ठेवले, तर पुण्याजवळच्या गडांमध्ये मला मळवलीचा मार्ग सर्वांत सोयीचा वाटतो. राजगड, लोहगड आणि शिवनेरी हे जिल्ह्यातील तीन गड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले आहेत, त्यामुळे तेथील गर्दी वाढेल असे धरून चालावे. सिंहगड त्या यादीत नसला तरी येणाऱ्यांची संख्या पाहता त्याच्या पायथ्याची गरज कमी तातडीची ठरत नाही.

पाच गुणांपैकी आतकरवाडीच्या खासगी पार्किंगला मी साडेतीन गुण देईन, बससेवेला अडीच, आणि स्वच्छतागृह व दिवाबत्तीला एक. पार्किंगचे गुण वाढायला फार खर्च लागणार नाही. ग्रामपंचायतीने सर्व जागांसाठी एकच दर ठरवून तो फलकावर लिहावा, छापील पावती द्यावी, जागा किती शिल्लक आहे हे गोळेवाडीपाशीच कळवण्याची सोय करावी, आणि रस्त्याची एक बाजू पूर्णपणे मोकळी राखावी. जमीन देणाऱ्या शेतकऱ्यांना यात विश्वासात घेतले पाहिजे, कारण त्यांच्या उत्पन्नावर गदा आणणारा कोणताही मोठा ठेका पायथ्याचे भले करणार नाही.

जाणाऱ्यांसाठी सल्ला असा: दुचाकीने जाणार असाल तर सकाळी सहाच्या आत पोचा, चारचाकीत चौघे असाल तरच ती न्या, सुटे पैसे जवळ ठेवा आणि गाडी शेतातच लावा. शक्य असेल तर मधल्या वारी जा. गर्दी टाळून चढायचे असेल आणि अंगात दम असेल, तर कल्याण गावाकडून कल्याण दरवाजाची वाट धरता येते. पण तेथे मोठ्या संख्येने गाड्या सामावतील अशी परिस्थिती नाही, म्हणून मोठ्या गटांनी तिकडे वळू नये. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून रात्री डोंगररांगेने सिंहगडापर्यंत चालत येणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. गाडी सुरुवातीला लावावी तर ती शेवटी उपयोगी पडत नाही, त्यामुळे रात्रभर चालून थकलेल्या या मंडळींना सकाळी प्रवासी जीप किंवा पायथ्याची बस यांवरच अवलंबून राहावे लागते. त्यांच्यासाठी पहिली परतीची बस नेमकी किती वाजता सुटते, हे थांब्यावर वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेले असले पाहिजे.