एरंडेल तेल, रवा आणि बारावीचं फिजिक्स
मुलीच्या बारावीसाठी हा इलेक्ट्रोस्टॅटिक्सचा (स्थिर विजेचा) किट मागवला, पैसे वसूल झाले खरंच. काचेच्या बशीत एरंडेल तेल ओतायचं, वर चिमूटभर रवा भुरभुरायचा आणि दोन समोरासमोरच्या प्लेट्सना हाय व्होल्टेज दिलं की रव्याचे कण या प्लेटपासून त्या प्लेटपर्यंत सरळ रांगा लावतात, फक्त कडेला त्या रांगा बाहेर फुगतात, ते बघताना पोरगी हललीच नाही तिथून. एका प्लेटचं इलेक्ट्रिक फील्ड (विजेचं क्षेत्र, ज्याची दिशा या रांगा दाखवतात) सिग्मा बाय टू एप्सिलॉन नॉट (सिग्मा म्हणजे प्लेटच्या एकक क्षेत्रफळावरचा चार्ज, एप्सिलॉन नॉट हा एक स्थिरांक), विरुद्ध चार्जच्या दोन प्लेट्समधे ते दुप्पट आणि बाहेर जवळपास शून्य, हे ती आतापर्यंत नुसतं पाठ करत होती. क्लिपा मात्र ढिल्या आहेत, दोनदा निसटल्या. रवा बारीकच घ्या, आणि सप्लाय बंद केल्याशिवाय मुलांना प्लेट्सना हात लावू देऊ नका.