क्लाससाठी गाळा बघताय? आधी शटर पूर्ण खाली ओढायला लावा

माझे २,८८,५०० रुपये गेले. डिपॉझिट १,८०,०००, पहिलं भाडं २२,०००, दलाली २२,००० आणि पार्टिशन-वायरिंगचे ६४,५००. मालकाने कर्ज थकवलेलं, बँकेने ताब्याची नोटीस चिकटवलेली, आणि हे महाशय तोच गाळा मला देऊन मोकळे.

आता जो तो विचारतो, नोटीस दिसली नाही का? अहो, दिसणार कशी? गाळा बघायला जावं तेव्हा शटर आधीच वर गुंडाळलेलं. टोकन दिलं त्या संध्याकाळी एजंटने ते खाली ओढलं, तर मधोमध डिंकाचे डाग आणि खरवडून राहिलेला कागदाचा एक कोपरा, त्यावर अर्धा गोल शिक्का. विचारलं तर म्हणाला, "काही नाही मॅडम, लोनवाल्यांची जाहिरात." जाहिरातीवर कुणी शिक्का मारतं का? तिथेच टोकन परत मागायला हवं होतं. आठवलं की अजून डोकं फिरतं. पण वीजबिल मालकाच्या नावाचं, टॅक्सची पावती त्याच्या नावाची. कुणीही विश्वास ठेवला असता. मालक खराच होता, हीच तर गोम! वीजबिलावर कर्जाचा बोजा दिसत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि शेजारच्या गाळेवाल्याला एजंटच्या माघारी विचारा.

दहावीची बॅच सुरू झाली आणि बँकेने कुलूप ठोकलं. माझा फळा, बाकं आतच. बँक म्हणते, नोटीस पेपरात दिली होती, तुमचा आमचा करार नाही.

पोलीस चौकीत तर कहर. "हा दिवाणी मामला, कोर्टात जा." वर मलाच दरडावणी, करार रजिस्टर का नाही केला? मालक म्हणाला होता नोटरी पुरे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : नोंदणीची जबाबदारी मालकाची, न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोबाइलवर काढून दाखवलं, तर साहेब चहाचा कप सरकवत म्हणाले, "कायदा आम्हाला शिकवू नका." अर्जाची पोच द्यायलाही का-कू. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. नाहीच दिली तर अर्ज स्पीड पोस्टाने वरिष्ठांना पाठवा, मी तेच केलंय.

मालक नोटरीवर अडून बसला की उठून चालते व्हा. डिपॉझिट रोख तर मुळीच नको.

एजंटला म्हटलं, निदान दलाली तरी परत दे. तर म्हणे, "माझं काम गाळा दाखवायचं. दाखवला."