२४ फुटी फायबर होडी घेताना: धारदार तळ की सपाट?

साच्यातून नुकत्याच काढलेल्या दोन होड्या शेजारी ठेवल्या तर नजर आधी स्पीडबोटीच्या ढंगाच्या होडीकडेच जाते. गडद निळा चकचकीत जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा रंगीत थर), नाळेला म्हणजे पुढच्या टोकाला सुरीसारखी धार, पुढे स्टीलचं रेलिंग. शेजारची पांढरी, पोटात पसरट, उघडीबोडकी. धंदा जाळ्याचा आणि मशीन ९.९ अश्वशक्तीचं असेल, तर पांढरीच घ्यावी.

मेख तळात आहे. व्ही आकाराचा खोल तळ लाट कापतो, पण तो खरा उपयोगी पडतो होडी वेगात पाण्यावर उचलली गेली तर. होडीचं वजन ६०० किलो धरा. तीन माणसं, ओलं जाळं, बर्फ आणि मासळी मिळून आणखी तेवढंच. एवढं ओझं उचलायला ४०-५० अश्वशक्ती लागते. ९.९ च्या मशीनवर होडी पाणी ढकलतच चालते. पाण्याला टेकलेली लांबी २१ फूट असेल तर वेग ६ नॉटच्या, म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या आसपास अडतो. त्यापुढे रेस वाढवली की मागची बाजू खाली बसते आणि नुसतं पेट्रोल जळतं. फायदा असा हुकतो, तोटा मात्र पदरात पडतो: दोघं जाळं ओढायला एका काठाला आले की होडी चटकन कलते.

सपाट तळ समोरच्या लाटेवर धपाधप आपटतो, कंबर धरते, हेही खरं. म्हणून नाळेकडे धार आणि मध्यापासून मागे जवळजवळ सपाट, असा साचा शोधावा. उंच, बाहेर झुकलेली नाळ देखणी दिसते आणि पाण्याचे सपकारेही बाहेर फेकते. तिचे जास्तीचे पैसे खुशाल द्यावेत. फार उंच नको, नाहीतर जाळं ओढताना वारा होडी फिरवत बसतो.

होडी वाळूवर ओढायची की जेटीला बांधायची? वाळूवर व्ही तळ कुशीवर पडतो, आणि होडी ओढताना सगळा भार मधल्या धारेवर येऊन तिथलाच जेलकोट आधी खरवडतो. साध्या होडीलाही कण्यावर, म्हणजे तळाच्या मधल्या रेषेवर, फायबरच्या मॅटचे जादा थर आणि बदलता येणारी पट्टी मागून घ्यावी.

रंगाचं थोडक्यात: गडद रंग उन्हात तापतो, अनवाणी पाय भाजतात, दोनेक वर्षांत खडूसारखा पांढुरका पडतो. डागडुजीचा पॅच निळ्यावर लांबून दिसतो, पांढऱ्यावर शोधावा लागतो.

आतला चकचकीत दुहेरी तळही मोहात पाडतो. उभं राहायला छान, पण खालच्या पोकळीत शिरलेलं पाणी दिसत नाही. पोकळीतला फोम भिजला की होडी हळूहळू जड होत जाते. पोकळी असेल तर तपासायला झाकण आणि सगळ्यात खालच्या जागी बूच हवंच. दुहेरी तळाने आतली खोलीही कमी होते. काठ गुडघ्याच्या वर, मांडीच्या मध्यापर्यंत यायला हवा. त्याखाली असेल तर जाळं ओढताना माणूसच पाण्यात जातो.

मागची फळी कशीही दिसो, आत बहुतेकदा प्लायवूड असतं आणि मशीनच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजतं. नाण्याने ठोकून बघा: टणक आवाज ठीक, भद्द आवाज आला तर होडी सोडून द्या. लाँग शाफ्ट म्हणजे लांब दांड्याच्या मशीनला फळी साधारण २० इंच उंच लागते. फळी उंच झाली तर पंखा हवा ओढतो: मशीन ओरडतं आणि होडी जागेवरच.

गळ टाकायचा, पर्यटक फिरवायचे, होडी खाडीत जेटीला बांधायची आणि मशीन ४० चं असेल, तर निळी होडी वाईट नाही. तिथे जाळं नाही आणि वेगालाच पैसे आहेत.

जाळेवाल्यांनी मात्र पैसे मोजण्याआधी जुन्या तंगुसाच्या (बारीक नायलॉन धाग्याच्या) जाळ्याचा हातभर तुकडा सोबत न्यावा आणि तो काठावरून नाळेपासून मागपर्यंत ओढून बघावा. रेलिंगचं बूड, बोल्टचं डोकं, क्लीटचं (दोर बांधायच्या खुंटीचं) शिंग: जिथे जाळ्याची आस म्हणजे घर अडकतं तिथे बोल्टचं डोकं काठात बुडवून घ्या, क्लीट आतल्या बाजूला सरकवा. रेलिंग तर काढायलाच सांगा. भोकं रेझिनने बुजवून मिळतात.