आशाताईंकडून मिळणारं ओआरएस आणि झिंक – माझा रिव्ह्यू

ज्यांच्या घरात बारकं पोर आहे त्यांच्यासाठी लिहितेय. लेक नऊ महिन्यांची, पावसाळ्यात जुलाब लागले, आशाताई घरी येऊन ओआरएसची पाकिटं आणि झिंकची पट्टी फुकट देऊन गेल्या. फुकटचं म्हणजे काय दर्जाचं असणार असं घरात सगळ्यांचं, पण खरं सांगू, हेच कामाला आलं.

आधी मेडिकलवाल्याने टेट्रापॅकमधलं ऑरेंज फ्लेवरचं काहीतरी हातात टेकवलेलं, वर ओआरएस म्हणून बोलला पण. मागचं वाचलं तर नुसती साखर! एवढ्या साखरेने पाणी आतड्यात अजून ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने (खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) असल्या ड्रिंक्सच्या नावात ओआरएस लिहायला बंदी घातली ते उगाच नाही. खऱ्या डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्यात लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ, बाकी पोटॅशियम आणि सायट्रेट, बस. पाकिटावर हेच बघून घ्या.

आता तक्रार. पाकीट एक लिटरचं. एवढ्याशा जिवाला प्रत्येक शी नंतर 50 ते 100 मिली लागतं आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं, म्हणजे बरंच वाया. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकायचं नाही हं, मिठाचं प्रमाण बिघडतं, मी उकळून गार केलेलं पाणी लिटरच्या बाटलीने मोजून घ्यायचे. चव खारट-गोड, लेकीने आधी तोंड वाकडं केलं, मग चमच्या-चमच्याने घेतलं, उलटी झाली की दहा मिनिटं थांबून परत.

झिंकची गोळी चमचाभर अंगावरच्या दुधात विरघळते, हे मस्त. सहा महिन्यांवरच्यांना 20 मिग्रॅ रोज, 14 दिवस, आणि जुलाब थांबले तरी कोर्स पुरा करायचा, इथेच सगळे कंटाळा करतात.

सासूबाई म्हणे दात येतायत, अंगावर पाजू नको, पोट रिकामं ठेव. आशाताई म्हणाल्या, "आई, उलट जास्त पाजायचं, नाहीतर पोर सुकेल." मग दूध चालूच, सोबत मऊ वरणभात तूप घालून, आणि बरी झाल्यावर पंधरा दिवस एक वेळचं जास्तीचं. भाताच्या नुसत्या पेजेवर काढायचं नाही.

पाचपैकी साडेचार, अर्धा त्या लिटरच्या पाकिटाचा कापला. शीमध्ये रक्त, डोळे खोल, लघवी कमी किंवा पोर मलूल दिसलं तर मात्र पाकीट घोळत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.