पाणी तपासायचं की रक्त?

घातक रसायनांचा लोकांच्या तब्येतीवर काय परिणाम होतोय, हे शोधायला दोन वाटा आहेत: हवा-पाणी-माती तपासायची, नाहीतर थेट माणसाचं रक्त किंवा लघवी.

पाण्याच्या तपासणीत कुणाला सुई टोचावी लागत नाही आणि विष कुठून येतंय तेही कळतं. पाण्यात उतरणाऱ्या आर्सेनिक या विषारी मूलद्रव्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. पण कोण किती पाणी पितं, हा हिशेब अंदाजाचाच राहतो.

रक्तात मात्र हवेतून, भांड्यातून, भिंतीच्या रंगाच्या पोपड्यांतून आलेलं सगळं शिसं एकत्र दिसतं. रांगणारं मूल धुळीने माखलेली बोटं तोंडात घालतं. त्यातलं किती पोटात गेलं, हे हवा मोजणारं यंत्र कधीच सांगणार नाही. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधलं शिसं घटत गेलं, तसं लोकांच्या रक्तातलं सरासरी प्रमाणही सुमारे ३७ टक्क्यांनी उतरलं. इतका बोलका पुरावा हवेच्या नमुन्यांनी दिला नसता.

तरी एक मेख आहे. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडांत मात्र वर्षानुवर्षं मुरून राहतं. त्यामुळे रिपोर्ट चांगला आला तरी निर्धास्त होऊ नये.

शिशाचा संशय असेल तर मी आधी मुलांचं आणि गरोदर बायकांचं रक्त तपासायला सांगेन. आर्सेनिकच्या बाबतीत आधी विहीर. आणि रक्त घेतलंच, तर निकाल त्या आईच्या हातात पडलाच पाहिजे.