आयपीएल थांबली, 'रिफंड' आला आणि 45,198 रुपये गेले

फुकट मॅच बघणाऱ्यांनाच बनावट ॲपवाले लुटतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगतो, मी फुकट काही मागितलं नव्हतं. पैसे मोजले होते.

केबल आम्ही दिवाळीतच बंद केली. 2025 मध्ये जिओहॉटस्टारचं मोबाइलपुरतं पॅकेज तीन महिन्यांना 149 होतं, टीव्हीवर हवं तर 299. मुलाची फॉर्म्युला वन फॅनकोड ॲपवर, त्याचे पैसे वेगळे. अशात नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या क्रिकेटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: वर्षभर सगळे स्पोर्ट्स, 699. ग्रुपमधल्या दोघा-तिघांनी घेतलंही होतं. ॲप प्ले स्टोअरवर नाही, एपीके (स्टोअरबाहेरून टाकायची ॲपची फाइल) पाठवतो, विकणारा म्हणाला. मार्चअखेर घेतलं आणि झकास चाललं. मेख तिथेच आहे, आधी विश्वास बसू देतात.

8 मे 2025 ला धरमशालेची आयपीएलची पंजाब-दिल्ली मॅच अर्धवट थांबली, दुसऱ्या दिवशी बीसीसीआयने स्पर्धा आठवडाभर स्थगित केली. 10 तारखेला त्या विकणाऱ्याचा मेसेज: "उरलेल्या मॅचेसचा रिफंड देतोय, नवीन अपडेट टाका." स्पर्धा खरोखरच थांबली होती, बातम्यांत तेच चालू होतं. शंका यायची कुठून?

इन्स्टॉल करताना फोनने इशारा दिला. त्याने आधीच लिहून ठेवलेलं, "वॉर्निंग येईल, तरी पुढे जा." मग ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. क्रिकेट दाखवणाऱ्याला माझे मेसेज कशाला हवेत? शेजारी बसलेल्या भाचीने हेच विचारलं. मी म्हणालो, "ओटीपी आपोआप घेत असेल." इतकं अचूक उत्तर मी जन्मात दिलं नसेल!

रिफंड कार्डावर जमा होणार म्हणून नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. ऑनलाइन घेतलेली वस्तू परत केली की पैसे कार्डावरच येतात, मग यात वावगं काय वाटणार? तरी लिहून ठेवा, पैसे यायला ते तीन आकडे लागत नाहीत. यूपीआय पिनही लागत नाही.

रात्री 24,999 गेले, पाठोपाठ 19,500. ओटीपी मला दिसलेच नाहीत, परस्पर तिकडे पोचत होते. असं झालं की पहिल्यांदा फोनचं नेट बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन. रागाच्या भरात चॅट उडवू नका, पुरावा तोच.

1930 वर तक्रार क्रमांक मिळाला. बँकेच्या कस्टमर केअरने कार्ड बंद केलं आणि शाखेत जायला सांगितलं. शाखा? दुसरा शनिवार, मग रविवार, सोमवारी बुद्ध पौर्णिमा. चोरांना पंचांग पाठ असतं. मंगळवारी शाखेतले साहेब म्हणाले, "ओटीपी तुम्हीच दिला असणार." दिला नाही हो, चोरला! रिझर्व्ह बँकेचं तेव्हाचं 2017 चं परिपत्रक सांगत होतं की चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तेव्हा तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर शून्य जबाबदारी. प्रिंट काढून टेबलावर ठेवलं. न वाचताच 'ग्राहकाचा निष्काळजीपणा' लिहून मोकळे.

पोलिसांची आणखी वेगळी तऱ्हा. जवळच्या ठाण्यात म्हणे सायबरला जा, सायबरवाले म्हणे आधी तुमच्या ठाण्यात नोंदवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात हद्द न बघता गुन्हा नोंदवून घ्यायचा आहे, हे खाकीतल्या माणसाला मी सांगायचं? वर एक हवालदार हसून विचारतो, "फुकट मॅच बघायला गेलात ना?" 699 दिले होते, त्याला पावती दाखवली. दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा खात्यात 6,200 होल्ड झालेत म्हणतात. माझेच पैसे, पण सोडवायला तेव्हा, 2025 मध्ये, कोर्टाचा आदेश आणायचा मी. बाकीचे कुठे गेले, विचारलं की "तपास चालू आहे".

घरच्या मोठ्यांना भारताच्या मॅचेसच बघायच्या असतील तर डीडी फ्री डिशची छत्री बसवा. तिला महिन्याचं भाडं नाही आणि मोठ्या स्पर्धांमधल्या भारताच्या बऱ्याच मॅचेस दूरदर्शनवर येतात. आणि मुलांच्या फोनमध्ये 'अज्ञात ॲप्स' टाकायची, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप घ्यायची, परवानगी आत्ताच बंद करा, वाचून झाल्यावर नाही.

बँकेला लेखी तक्रार दिली आहे. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. तो माणूस मात्र दुसऱ्या नंबरवरून, दुसऱ्या नावाने, इंग्लंड दौऱ्याचं पॅकेज 799 ला विकतोय. इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागातल्या कुणाच्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल तर ॲप न टाकता स्क्रीनशॉट काढून 1930 वर कळवा. माझ्या एकट्याच्या तक्रारीने कुणी हलत नाहीये.